मांस किती, पाणी किती

सहादेवनाना सध्या सोनईला लेकीकडे असतात. दारात बाज टाकलेली, तिच्यावर बसून असतात. जाणारा-येणारा राम राम घालतो, नाना हात वर करतात, संपलं. परवा घोडेगावच्या बाजारातले दोन व्यापारी त्यांना न्यायला आले होते. पाऊसपाणी झालंय, बाजार पुन्हा भरायला लागलाय, लोकांना बैल हवेत आणि बैल पारखून देणारा माणूस हवाय. नाना म्हणाले, "मला जनावर कळत न्हाई." व्यापारी हसले. त्यांना वाटलं, म्हातारा दलाली वाढवून मागतोय.

मी नानांचा शेजारी. भिंतीला भिंत. म्हातारा भाव करत नव्हता, एवढं मी सांगू शकतो.

एरवी भाव करण्याखेरीज त्यांनी उभ्या जन्मात दुसरं काही केलं नाही. वाटणीला आलेला माळ होता, त्यात कुसळं पिकायची. म्हणून तरुणपणीच ते घोडेगावच्या बाजारात जनावरांच्या दलालीला लागले. उपरण्याखाली दोन्ही पार्ट्यांची बोटं धरायची, तोंडानं भलतंच बोलायचं आणि बोटांनी खरा भाव सांगायचा. दात बघून वय सांगायचं. घेणाऱ्याला वाटावं नाना आपले, विकणाऱ्यालाही वाटावं नाना आपलेच, आणि संध्याकाळी दोघांच्याही पदरचा चहा पिऊन घरी यायचं. असा माणूस आमच्या गावानं निवडणुकीला कसा उभा केला नाही, याचं मला नवल वाटायचं.

पण त्यांची खरी ख्याती होती जनावर भरण्याबद्दल. बाजाराच्या आधी चार-सहा दिवस जनावराच्या भरड्यात मूठ मूठ मीठ घालायचं. आदल्या दिवशी पाणी तोडायचं. मग बाजारात शिरायच्या आधी ओढ्याला सोडायचं. मिठानं तापलेलं जनावर पाण्यावर असं तुटून पडतं की बरगड्या झाकतात, पोट तट्ट होतं, कातडीवर तुकतुकी येते आणि हाडाडलेला बैल घटकाभर पाटलाच्या गोठ्यातला वाटायला लागतो. तेवढ्या घटकेत सौदा उरकायचा.

"ही लबाडी न्हाई," नाना मला सांगायचे. "नवरीला हळद लावत्यात का न्हाई? तसंच ह्ये."

बहात्तर साली ही विद्या कामाची राहिली नाही. आधी लोक बैल विकायला आणायचे, मग मिळेल त्या भावात द्यायला, आणि शेवटी नुसते सोडून द्यायला यायला लागले. सोडून दिलेल्या बैलावर दलाली बसत नाही. नानांनी उपरणं डोक्याला गुंडाळलं आणि गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं, तिथं माती वाहायला आले. त्यांच्यामागून त्यांची बायको रंगुनानी आली. मी आधीपासून होतोच. माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट ट्रंकेत आणि डोक्यावर पाटी, अशी आमची प्रगती चालली होती. त्यावरून सगळं काम मला 'मॅट्रिक' म्हणायचं.

रंगुनानी हाडापेरानं लहान, रंगानं सावळी, गळ्यात तुळशीची माळ. एकुलती लेक मनकर्णा सोनईला दिलेली. नानांना बाजारात जेवढं बोलायला लागायचं, ते सगळं नानीनं घरात वाचवलेलं. पण एखादं वाक्य असं टाकायची की नाना गप्प. कामावर पहिल्याच दिवशी नाना मातीची पाटी उचलताना कण्हले, तर म्हणाली, "अवं, तिचा भाव करू नका, उचला."

कामावर मजुरी मिळे आणि दुपारी सुकडी. सुकडी म्हणजे पिठाचा गोडूस कोरडा चुरा, ओंजळीत घ्यायचा आणि पाण्याबरोबर घशाखाली ढकलायचा. घरी मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी. या दोन गोष्टींवर हजारभर माणसं जगत होती. ज्याचं नाव हजेरीतून गेलं, त्याचं दोन्ही गेलं.

आणि नाव काढणारा होता मुकादम आसाराम. आमच्याच गावचा. कालपर्यंत बांधावरून भांडणारा माणूस, हातात शिट्टी आल्यावर साहेब झाला. एक दिवस म्हातारी कडूबाई पाटीसकट मध्येच बसली. आसारामनं लांबूनच शिट्टी वाजवली. "हिच्या अंगात काय न्हाई. नाव काढा हिचं." काढलं. त्यानंतर 'अंगात काय नाही' या शब्दांना आमच्याकडे फार भ्यायचे.

नानीच्या पायावर तोवर सूज यायला लागली होती. सकाळी बरी असायची. संध्याकाळी पायातली जोडवी बोटात रुतायची. तोंडही जरा भरल्यासारखं दिसायचं. बायका थट्टा करायच्या. त्यात लंकाबाई पुढं. लंकाबाई म्हणजे आमच्या टोळीतलं वर्तमानपत्र.

"नानी, दुष्काळात बाळसं धरलंस की गं! नाना चोरून काय चारत्यात?"

"मार चारत्यात," नानी म्हणायची आणि लुगडं घोट्याखाली ओढून घ्यायची.

नाना हसायचे नाहीत. त्यांना पाटी उचलताना नानीचा श्वास ऐकू यायचा. एवढा एक हंगाम नानी हजेरीत टिकली पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. एका माणसाच्या मजुरीत दोघं जगली नसती, आणि लेकीच्या दारात जायचं तर तिथंही चूल आमच्यासारखीच होती.

अशात होळीच्या सुमाराला कामावर एक जीप आली. तिच्यातून तंबू उतरला, दोन पोरसवदा मदतनीस उतरले, एक लाकडी पेटी उतरली आणि डॉक्टर नाडगौडा उतरले. मोठ्या शहरातल्या कुठल्याशा संशोधनाच्या जागेवरून आले होते. माणूस सभ्य. लंकाबाईलासुद्धा 'अहो ताई' म्हणाले, तेव्हा ती दिवसभर लाजत होती.

साहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "आम्ही प्रत्येकाच्या शरीरात मांस किती, चरबी किती, पाणी किती हे मोजणार आहोत. दुखणार नाही. मोजणी झाली की तुमचे दोन गट करू."

"दोन गट कशापायी?" मागून कुणीतरी ओरडलं.

"ते मोजणीनंतर सांगू."

आता, हजार उपाशी माणसांपुढं उभं राहून 'ते नंतर सांगू' म्हणायला फार शिकावं लागतं. खरं कारण मला पुढं कळलं. ज्यांच्या अंगावर मांस कमी भरेल, त्यांना दोन-तीन महिने रोज दूध आणि शेंगदाण्याची वडी द्यायची, पुन्हा मोजायचं आणि अंगावर चढलेलं मांस यंत्राला पकडता येतं का, हे बघायचं. यंत्र नवं होतं. ते किती खरं सांगतं, हेच साहेबांना तपासायचं होतं. पण दुधाचं आधी सांगितलं, तर लोक मुद्दाम उपाशी राहून येतील, अशी त्यांना भीती. साहेबांना वाटत होतं लोक लबाडी करतील, आणि लोकांना वाटत होतं साहेब लबाडी करतायत. एकमेकांविषयीचा अंदाज कुणाचाच फार चुकला नव्हता.

लोकांनी आपला अर्थ लावला तो कडूबाईवरून. अंगात काय आहे ते मोजणार, दोन गट करणार. म्हणजे एक ठेवायचा, एक काढायचा. आसारामला विचारलं, तर त्यालाही ठाऊक नव्हतं, पण मुकादमाला ठाऊक नाही असं कसं म्हणायचं? "सरकारला रिकामं खोगीर नको हाय आता," तो म्हणाला आणि शिट्टी फुंकली.

पेटीचं गूढ साहेबांनी मला एका दुपारी सांगितलं. चरबीतून वीज जात नाही, पाण्यातून जाते. मांसात पाणी भरपूर. म्हणून हातापासून पायापर्यंत अगदी कळणारही नाही एवढी वीज सोडायची आणि तिला वाटेत किती अडथळा होतो, ते काट्यावर वाचायचं. अडथळा कमी म्हणजे पाणी जास्त, पाणी जास्त म्हणजे मांस जास्त. उंची आणि वजन घेऊन गणित मांडायचं की आकडा तयार. गणित कुठल्यातरी थंड देशातल्या धडधाकट माणसांवर बसवलेलं होतं. मला सगळं पटलं. विज्ञानात मला पस्तीस मार्क होते, त्यामुळं मला काहीही पटायचं.

पहिल्या दिवशी मात्र पेटी आमच्या लोकांपुढं अडली. आमच्या पायांच्या कातडीतून वीज शिरेना. तिथं एवढी भेगाळलेली ढेकळं होती की नांगर घालावा लागला असता. मदतनिसांनी पाय घासले, धुतले, मग कापडाच्या पट्ट्या मिठाच्या दाट पाण्यात बुडवून हाताला आणि पायाला गुंडाळल्या. काटा हलला.

तंबूच्या दोरीशी उकिडवे बसून नाना हे सगळं बघत होते. गिऱ्हाईक लांबून जोखताना जसे बसायचे तसे. मजूर मोजून बाहेर पडला की त्याच्याकडं बघायचे, मग काट्याकडं. दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना मला म्हणाले,

"मॅट्रिक, त्या यंत्राला मीठ लागतं बघ."

"मीठ पट्टीला लागतं, नाना. वीज आत जायला."

"त्येच म्हनतो मी. ते गिऱ्हाईकच हाय एक. वरनं चाचपतंय. आत काय हाय, ते त्याला बी दिसत न्हाई." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "आन् पानी लई असलं म्हंजे मांस लई, असं म्हनला न्हवं त्यो?"

"व्हय, तसंच म्हणाले."

नाना मग गावापर्यंत बोटांवर दिवस मोजत आले. आमच्या टोळीची मोजणी अमावास्येनंतर होती. नानांच्या लेखी बाजाराला अजून अवधी होता.

त्या दिवसापासून नानीच्या भाकरीवर मीठ वाढलं. नुसतं भाकरीवर नाही. सुकडीत मीठ, पाण्यात मीठ, नुसता खडाही चघळायला. आमची भिंत अशी की पलीकडची कुजबुज अलीकडं जेवायला बसते.

"अवं, मी काय म्हैस हाय का?"

"म्हैस असतीस तर मला घोर नसता. म्हशीला कुनी हजेरीतनं काढत न्हाई."

"घशाला आग पडलीय माज्या."

"मंग पानी पी. पी की. लई पी."

पाणी म्हणजे टँकरचं. घरटी एक हंडा. त्यात स्वयंपाक, भांडी आणि दोघांचं पिणं. नाना आपल्या वाटचं नानीला पाजायला लागले. कामावरच्या रांजणातलं पाणीही ओंजळीत धरून तिच्यापर्यंत आणायचे. स्वतः ओठांवरून ओला हात फिरवायचे. लंकाबाईच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं.

"नाना, म्हातारपनी लई पिरेम ऊतू चाललंय!"

"तुजा न्हवरा पाजत न्हाई व्हय गं?"

"माजा न्हवरा दुसरंच पितो," लंकाबाई म्हणाली आणि सगळी रांग हसली. नानीही हसली. तिचे डोळे तोवर चांगलेच बारीक झाले होते, सुजलेल्या पापण्यांत.

नानांच्या हिशेबानं सगळं बरोबर चाललं होतं. नानीचं वजन वाढत होतं, तोंड गोल झालं होतं, नडगीवरची कातडी ताणून चकाकत होती. बैलाच्या बाबतीत नेमकं एवढंच बघतात. फरक एवढाच की बैल संध्याकाळपर्यंत विकला जातो, आणि त्यानंतर त्याचं काय होतं, ते बघायला दलाल थांबत नाही.

मोजणीच्या दिवशी तंबूत बायकांचा गोंधळ उडाला. अंगावरचं धातूचं काढा, असं मदतनीस म्हणाला. बायका म्हणाल्या, नवरा जिता असताना जोडवी काढायची नाहीत. साहेबांनी हात जोडले आणि पट्टी घोट्यावर दोन बोटं सरकवून बांधली. तेवढ्यानं गणितात काय फरक पडला असेल, तो त्यांचा त्यांना ठाऊक. नानी आत गेली, उताणी झोपली, बाहेर आली. तिच्या मनगटाला मदतनिसानं हिरवा दोरा बांधला. मग नाना आत गेले आणि बाहेर आले ते तांबडा दोरा घेऊन.

"हिरवा म्हंजी काय?" नानांनी विचारलं.

"हिरवा म्हणजे उत्तम," मदतनीस म्हणाला. "तुमच्या बाईंच्या अंगावर मांस चांगलं आहे. तुमचंच फार कमी भरलं."

सहा फुटी नाना, बाजारात उधळलेल्या वळूला शिंगाला धरून थांबवणारे, त्यांचं मांस कमी! आणि नानी उत्तम! रांगेत हसण्याची लाट उठली.

"नाना, नानीनं तुमचं मांस काढून घेतलं का काय?" लंकाबाई.

नाना त्या दिवशी इतके खुश होते की त्यांनी तिला उलट उत्तरही दिलं नाही. आपण हजेरीतून जाणार, याचं त्यांना काही वाटत नव्हतं. आपण कुठंही हमाली करू. नानी टिकली. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "शिकलेलं गिऱ्हाईक होतं, मॅट्रिक. आन् फसलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तांबड्या दोऱ्यावाल्यांना तंबूकडं बोलावलं. माणसं निरोप घेतल्यासारखी निघाली. एक बाई तर रडत होती. तिथं मोठ्या पातेल्यात दूध उकळत होतं आणि ताटात शेंगदाण्याच्या वड्या मांडलेल्या.

साहेबांनी तेव्हा सगळं सांगितलं. हसून सांगितलं. आता लपवायची गरज नव्हती.

नाना तांब्या हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "सायेब, ह्ये मी घरी न्हेऊ का?"

"नाही, सहादेवराव. इथंच प्यायचं, आमच्यासमोर. नाहीतर दूध कुणाच्या अंगी लागलं, ते आम्हाला कसं कळणार?"

नानांनी दूध तोंडात घेतलं आणि चालायला लागले. दोन्ही गाल फुगलेले, ओठ आवळलेले. तंबूच्या पलीकडं माती वाहणाऱ्या बायकांच्या रांगेकडं त्यांची नजर. मदतनीस पोरगा हुशार होता. त्यानं पुढं होऊन वाट अडवली. "नाना, गिळा. गिळा आधी." नाना मान हलवत राहिले. पोरगा हसायला लागला, मग रागावला. शेवटी नानांनी गिळलं. सहा फुटांचा माणूस कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करून उभा होता आणि त्याच्या मिशीला दूध होतं. तांबड्या दोऱ्याची माणसं हसत होती. मलाही हसू आलं होतं, कारण मीठ-पाण्याची भानगड मला ठाऊक असली, तरी नानी किती सुजली होती, हे मी नीट बघितलं नव्हतं. लुगड्याखालचे पाय कोण बघतो?

हिरव्या दोऱ्याचा अर्थ आसारामनं लावला. त्याला यंत्राची खात्री पटली होती. एवढ्या लांबून जीपमधून आलेलं यंत्र खोटं कसं बोलेल? त्यानं हिरवे दोरे निवडून भरावाला दगडी अस्तर लावायच्या कामाला लावले. माती सोडून दगड.

"आसाराम, अरे तिला न्हाई झेपायचं," नाना म्हणाले.

"नाना, माजं सोडा. सायेबाच्या पेटीनं सांगितलंय, तिच्या अंगात लई हाय. तुमीच बसा सावलीला, तुमचं कमी हाय."

तिसऱ्या दिवशी नानी दगड घेऊन उभी राहिली आणि पाऊल टाकेना. दगड तिनं सावकाश खाली ठेवला, पदर सारखा केला आणि त्याच दगडावर बसली. आसारामनं शिट्टी तोंडाला लावली, पण नानांना पुढून येताना बघून खाली घेतली.

नाना थेट तंबूत गेले. मी मागोमाग. साहेब आकडे मांडत बसले होते.

"सायेब, म्या लबाडी केली," नाना म्हणाले. आयुष्यभरात हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. "माज्या मानसाला म्या मीठ चारलं. पानी पाजलं. बैलाला भरत्यात तसं भरलं. तिच्या अंगावर मांस न्हाई, सायेब. तिला दूध द्या. माजं बंद करा."

साहेबांना आधी समजेना. मी समजावून सांगितलं. ते उठले, बाहेर नानीजवळ आले, खाली बसले आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला, तरी खळी तशीच. सगळे बघत होतो. खळी भरायला फार वेळ लागला.

साहेबांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता, हे मी पुन्हा सांगतो.

"ही उपासमारीची सूज आहे," ते म्हणाले. "मिठानं वाढली, पण मुळात आधीपासूनच असणार. पाणी कातडीखाली साचतं. आमच्या यंत्राला मांसातलं पाणी आणि हे पाणी वेगळं ओळखता येत नाही. सुजलेला माणूस त्याला धडधाकट दिसतो."

"आन् मी?" नानांनी विचारलं.

"तुमच्या शरीरात पाणी कमी पडलं होतं. म्हणून मांस कमी दाखवलं."

"म्हंजे माजं पानी तिला दिलं, म्हून मी रोडका आन् ती धट्टीकट्टी?"

साहेबांनी नानीच्या मनगटाचा हिरवा दोरा स्वतः कात्रीनं कापला. नानांना वाटलं, आता तांबडा बांधतील. तांबडा बांधला नाही.

"यांना आम्हाला अभ्यासातून वगळावं लागेल," साहेब मदतनिसाला आणि मला मिळून म्हणाले. "सूज असलेले सगळेच वगळावे लागतील. ते धरले तर आकडे फार बिघडतात. ते काढले की यंत्राचा अंदाज पुष्कळ जुळतो."

"मंग दूध?" नाना.

"दूध अभ्यासातल्या लोकांपुरतं मंजूर आहे, सहादेवराव. मोजून आलेलं आहे. मी नगरच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी देतो. उद्याच न्या."

यंत्र बरोबर यावं म्हणून नानी वजा झाली. तिच्यासारख्या आणखी कितीतरी जणींचे दोरे त्या दिवशी कापले. ज्यांना दुधाची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच नेमक्या हिशेबात बसत नव्हत्या. माझ्या पस्तीस मार्कांच्या डोक्यालाही हे गणित तेव्हा सुटलं.

साहेबांनी संध्याकाळी आपल्या डब्यातली दोन उकडलेली अंडी माझ्याजवळ दिली. नियमात बसत नव्हतं, तरी दिली. मी ती नानीकडं नेली.

"माळ हाय माज्या गळ्यात," नानी म्हणाली.

"अगं, औषध म्हून खा," नाना म्हणाले. "माळेला मी सांगतो."

"तुमी कुनाला बी काय बी सांगाल." ती हसली. हसताना तिला दम लागला. "आता मला काय बी चारू नका. लई झालं."

नानांनी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या धरला, तर तिनं तोही बाजूला सारला. अंडी कोनाड्यातल्या ताटलीत राहिली. सकाळी यस्टीच्या वेळेआधी मी नानांना हाक मारायला गेलो, तेव्हा ते उंबऱ्यावर बसलेले होते. आत नानी भिंतीला टेकून बसल्या बसल्याच गेली होती. तिचे पाय त्यांनी आपल्या उपरण्यानं झाकले होते.

गावानं तयारी केली. सोनईहून मनकर्णा यायला दुपार झाली. आसारामनं कामाला शिट्टी मारली नाही, स्वतः बांबू घेऊन आला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. मुलगा नव्हता म्हणून मडकं नानांनीच धरलं आणि ते पुढं चालायला लागले. खांदा दिला आसारामनं, मी, आमच्या टोळीतल्या गोरक्षनाथनं आणि लंकाबाईच्या नवऱ्यानं.

विसाव्याच्या दगडाशी तिरडी टेकवायची आणि खांदे बदलायचे, ही रीत. तिथपर्यंत पोचतानाच आमची दमछाक झाली. आसारामनं टेकवल्यावर कपाळाचा घाम पुसला आणि अगदी सहज, काही मनात नसताना म्हणाला,

"एवढीशी बाई, पन लई जड की रं."

नाना मडकं घेऊन पुढं उभे होते, ते मागं वळले.

"पानी हाय त्ये, आसाराम," ते म्हणाले. "उचला आता. लांब न्हाई."